कातळघाटचा सातवा भाग

(पिंपरीतल्या एका रुग्णालयाचा डायलिसिस विभाग. शेजारशेजारच्या दोन खाटांवर रश्मी आणि गिरजाबाई. दोघींचे डावे हात मशीनला जोडलेले. रश्मीच्या उजव्या हातात पुस्तक. तंत्रज्ञ सिद्धेश खाटांमधून फिरतो आहे.)

गिरजाबाई : आन् पोरगा?

रश्मी : पोरगा गेला.

गिरजाबाई : गेला म्हंजी? कुठं गेला त्ये लिवलं आसंल ना फुडं.

रश्मी : नाही लिहिलं. ऐका. "सकाळी दत्तूची वाकळ रिकामी होती. सगुणानं ती घडी करून ठेवली आणि चुलीवर चहाचं आधण चढवलं." संपला दुसरा भाग.

गिरजाबाई : आगं, पोटचं पोरगं निघून गेलं आन् ही बया चहा टाकती?

रश्मी : तिचं चहाचं दुकान आहे ना मावशी, घाटाच्या तोंडाशी. गाडीवाले येणार सकाळचे.

गिरजाबाई : येऊंद्यात की! येक दिस चहा न्हाई मिळाला तर मरत्यात व्हय? ह्ये बाईनं लिवलंय का बाप्यानं?

रश्मी : बाप्यानं.

गिरजाबाई : तरीच.

सिद्धेश : गिरजाआजी, हात सरळ! वाकवला की मशीन बोंब मारतं, मग मला पळत यावं लागतं. रश्मीताई, तुम्ही असलं काही वाचू नका राव. आजींचं बीपी बघा.

गिरजाबाई : तू तुजं काम कर रं सिद्धेश. हितं पोरगं हरवलंय.

सिद्धेश : कुणाचं?

रश्मी : कादंबरीतलं. तू जा.

गिरजाबाई : तिसऱ्यात घावतोय का त्यो?

रश्मी : मी सांगणार नाही.

गिरजाबाई : तू वाचलीस न्हवं सगळी?

रश्मी : सातही वाचलीत. कॉलेजात असताना. पप्पा कंपनीच्या वाचनालयातून आणायचे, जो भाग मिळेल तो. मी पहिल्यांदा तिसरा वाचला, मग पाचवा, मग पहिला.

गिरजाबाई : आसं कसं? बारशाच्या आधी लगीन?

रश्मी : तेव्हा कळायचंच नाही. दत्तू कोण, हे मला पहिला भाग हातात आला तेव्हा कुठे कळलं.

गिरजाबाई : आमाला नगं तसलं. आपून वळीनं जायाचं. सोड त्ये, तिसरा काढ.

रश्मी : आज नाही आणला. मला वाटलं होतं, तुम्हाला झोप लागेल.

गिरजाबाई : झोप कसली लागती हितं. पयल्या दिशी तू मनात वाचत व्हतीस, आन् ओठ हालत व्हतं. मला वाटलं पोथी हाय. म्हनलं, आयकू तरी, पुण्य लागंल. निघालं कातळघाट.

रश्मी : मग? नाही लागलं पुण्य?

गिरजाबाई : पुण्य न्हाई लागलं. येळ गेला पर. चार तास मशीनकडं बघत पडायचं, कुनी बोलाया न्हाई. येळ गेला ह्येच लई झालं.

०

रश्मी : झाला चौथा. सुटलो एकदाचे.

गिरजाबाई : सुटलो? ह्योच तर लई ग्वाड भाग व्हता.

रश्मी : चौथा? मावशी, चौथा कुणालाच आवडत नाही. आमचा वाचकांचा ग्रुप आहे ना फोनवर, कातळघाटवाल्यांचा, तिथे सगळे नव्या माणसाला सांगतात की चौथा सोडून द्या. तिसऱ्यावरनं सरळ पाचव्यावर उडी मारा.

गिरजाबाई : कोन म्हनतं आसं? वाच बरं.

रश्मी : थांबा. हा एक डोंबिवलीचा आहे. "चौथा भाग म्हणजे पानं भरायचा उद्योग. अख्ख्या पुस्तकात एक म्हैस विकली जाते आणि एक भिंत सारवली जाते."

गिरजाबाई : म्हस इकनं सोपं हाय व्हय! त्येनं इकलीय का कवा?

रश्मी : ही एक बाई. "पहिल्या तीन भागांत जे कमावलं, ते चौथ्यात घालवलं. मालिका तिसऱ्यावर थांबायला हवी होती." आणि हा म्हणतो, "लेखकाला काही सुचत नव्हतं तेव्हाचा भाग."

गिरजाबाई : तुजं काय म्हननं हाय?

रश्मी : माझंही तेच. काही घडतच नाही हो त्यात. पाऊस पडतो, घाट बंद होतो, गाड्या येत नाहीत. ती बसून राहतात सगळी घरात.

गिरजाबाई : व्हय की. सगळी घरात हायती. सगुनाचा नवरा हैबती हाय, सासू हाय, पोरी माहेराला आल्याती, थोरला हाय. दत्तूची खबर आली, जित्ता हाय म्हून. घाट बंद हाय म्हून कुनाला कुठं जाता येत न्हाई. समदी येका चुलीपाशी बसून भाकरी खात्याती. मला वाटत व्हतं, ह्यो पाऊस उघडूच नये.

रश्मी : असा विचार मी केला नव्हता.

गिरजाबाई : लिव त्येंना. लिव, कुरुळीची गिरजाबाई म्हनती, चौथा सोडला त्येला कातळघाट कळलाच न्हाई.

रश्मी : खरंच लिहू?

गिरजाबाई : मग काय खोटं? माजं नाव घाल.

रश्मी : घातलं. ...बघा, आलं लगेच उत्तर. डोंबिवलीवाला विचारतोय, "आजींनी पूर्ण मालिका वाचली आहे का?"

गिरजाबाई : त्येला म्हनावं, आजीला वाचाया येत न्हाई. आयकती.

रश्मी : ...हात जोडल्याचं चित्र पाठवलंय त्यानं.

गिरजाबाई : बरं झालं.

रश्मी : पण मावशी, तुमच्याकडे तर सगळे घरातच आहेत ना? दोन्ही मुलं?

गिरजाबाई : हायती की. कंपनीत जमीन गेली तवा बंगला बांधला. थोरला खालच्या मजल्याव, धाकला वरच्या. मधल्या मजल्याव मी.

रश्मी : मग?

गिरजाबाई : मग काय. जिन्यात भेटत्यात.

सिद्धेश : आजी, तुमचं संपत आलं. घरून गाडी आलीय का बघू? कोण येणार न्यायला?

गिरजाबाई : डायवर यील. फोन कर त्येला. पोरी, पाचवा आनलाय का?

रश्मी : आणलाय, पण आज वेळ नाही उरला.

गिरजाबाई : पयलं पान तरी वाच. सुई काडूस्तवर.

०

रश्मी : "...हैबतीनं बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून खुंटीला अडकवली. सगुणा म्हणाली, आता ही कशाला काढली? तो म्हणाला, आवाज नको वाटतो."

गिरजाबाई : जाणार ह्यो. ह्यो सहावा भाग ह्येला नेनार.

रश्मी : कशावरनं?

गिरजाबाई : आवाज नको वाटाया लागला की मानूस निघालं म्हनून समजायचं. आमच्या मालकांनी बी शेवटाला टीव्ही बंद कराया लावल्ता. फोन वाजतोय तुजा.

रश्मी : वाजू दे. बँकवाले असतात या वेळेला. "रात्री पुन्हा—" परत तोच नंबर.

गिरजाबाई : घे की. किती येळ वराडतंय त्ये.

रश्मी : हॅलो? ...हो, रश्मीच बोलतेय. ...हो. ...मी आत्ता डायलिसिसवरच आहे. पिंपरीत. ...नाही, ताप नाही, सर्दी नाही. सकाळी खाल्लं, आता काही खात नाही. ...भाऊ येईल बरोबर. ...हो. हो मॅडम. निघते.

गिरजाबाई : काय झालं? पोरी, बोल की. तोंड का आसं झालंय?

रश्मी : किडनी आहे म्हणतात.

गिरजाबाई : कुठं?

रश्मी : यादीत माझा नंबर लागलाय, मावशी. लगेच या म्हणाल्या. रक्त जुळवून बघणार. सिद्धेश! सिद्धेश, इकडे ये जरा.

सिद्धेश : काय झालं ताई? चक्कर?

रश्मी : मला सोडव. डॉक्टरांना फोन कर, किती वेळ चालवायचं ते विचार. ट्रान्सप्लांटचा कॉल आलाय.

सिद्धेश : काय सांगता! थांबा, थांबा, हलू नका. विचारून आलोच.

रश्मी : मावशी, दोनदा बोलावून परत पाठवलंय मला. एकदा जुळलं नाही, एकदा दुसऱ्याला मिळाली. काही होणार नाही. बघा, बुधवारी मी इथेच असेन.

गिरजाबाई : गप. आसं बोलू नगंस.

रश्मी : सवय झालीय मला परत यायची.

गिरजाबाई : या बारीला न्हाई यायचं. कुनाचं तरी घर रडत आसंल गं आत्ता. त्येंनी दिलंय तर त्येंचं नाव घे मनात, आन् जा.

रश्मी : नाव सांगत नाहीत ते.

गिरजाबाई : मग बिगरनावाचं घे.

सिद्धेश : ताई, झालं, काढतो मी. भावाला फोन केला का? धम्मरत्न का काय नाव आहे ना त्याचं? दापोडीहून यायला वेळ लागेल, मी खाली रिक्षा बघायला सांगतो. दाबा, इथे बोट दाबा घट्ट. आजी, तुम्ही पण जरा समजवा यांना, आत्ताच उठायला बघतायत.

गिरजाबाई : मी काय समजावू. सुई नसती तर मी बी उठले आसते.

रश्मी : पुस्तक इथेच ठेवते, मावशी. तुमच्या उशाशी. मला तिकडे काही आत नेऊ देणार नाहीत.

गिरजाबाई : मी काय करू त्येचं?

रश्मी : मी येईपर्यंत सांभाळा.

गिरजाबाई : यायचं न्हाई म्हनलं ना तुला. जा आता. मागं बघू नगंस.

०

सिद्धेश : "सगुणा म्हणाली. तुम्ही. निघालात. हैबती म्हणाला. निघालो नाही. फक्त—" एक मिनिट आजी, चार नंबर वाजतंय.

गिरजाबाई : जा.

सिद्धेश : आलो. कुठे होतो? हां. "फक्त बैल बदलतोय." पुढे, "सगुणा"... हे काय लिहिलंय, "आवंढा"? "आवंढा गिळला." म्हणजे काय गिळला?

गिरजाबाई : ठेव बाबा त्ये. तुजी वाचायची काय चूक न्हाई. तुज्या मागं काम हाय.

सिद्धेश : मोबाइलवर लावून देऊ का? ऐकायच्या गोष्टी मिळतात हल्ली. कातळघाट नाहीये, पण भुताखेताच्या आहेत, भारी आवाजात.

गिरजाबाई : लावलीस की मागच्या येळेला. ती बाई थांबतच न्हाई. मधी काय इचारलं तर ती तिचंच वाचती. आगं, मला आधी इचारू दे, ह्यो मेला का जित्ता? तर ती फुडं पळाली.

सिद्धेश : रेकॉर्डिंग आहे ना ते आजी.

गिरजाबाई : व्हय, म्हूनच. तिचं बरं हाय ना रं?

सिद्धेश : कुणाचं? रश्मीताईंचं? एकदम बरं. किडनी लगेच चालू झाली म्हणे टेबलावरच. आमच्या डॉक्टरांना कळलं. आता घरी सोडलं असेल.

गिरजाबाई : तुला सांगितलं तिनं?

सिद्धेश : नाही, मला नाही. डॉक्टरांकडून कळलं.

गिरजाबाई : हं.

सिद्धेश : फोन नाही आला तुम्हाला?

गिरजाबाई : येळ नसंल. आपरेशन म्हंजी काय खेळ हाय व्हय.

सिद्धेश : तेही आहे. आणि सुटलेलं माणूस या खोलीकडे परत बघत नाही आजी, खरं सांगू? चांगलंच आहे ते. आम्हालाही ओळख देत नाहीत काही जण, मॉलमध्ये भेटले तरी.

गिरजाबाई : ह्यो नवा कोन आलाय, तिच्या खाटेव?

सिद्धेश : नवनाथ म्हणून आहेत. चाकणला ट्रक चालवायचे. काही लागलं तर बोला त्यांच्याशी, चांगले आहेत.

गिरजाबाई : बोलले मी. इचारलं, वाचाया येतं का तुमाला? म्हनला, येतं. आन् तोंडाव चादर घेतली.

सिद्धेश : नवीन आहेत हो. पहिले सहा महिने असंच असतं. तुम्ही नव्हता का घेत?

गिरजाबाई : घेत व्हते. तवा कुनी काडली न्हाई माजी चादर. ती पोरगी आली तवा निघाली.

०

गिरजाबाई : कोन बोलतंय? मोट्यानं बोला, मी मशीनव हाय.

रश्मी : मावशी, रश्मी.

गिरजाबाई : कोन?

रश्मी : रश्मी. दापोडीची. कातळघाट.

गिरजाबाई : ...बोल.

रश्मी : कशा आहात?

गिरजाबाई : हाय तशीच हाय. तू कशी हायस? लगवी व्हती का?

रश्मी : होते, मावशी. अगदी व्यवस्थित होते.

गिरजाबाई : पानी?

रश्मी : कितीही पी म्हणतात. उलट प्यायले नाही तर ओरडतात.

गिरजाबाई : पयलं पानी कसं लागलं गं?

रश्मी : काय सांगू तुम्हाला. सिस्टरनी भांडं हातात दिलं आणि म्हणाल्या, संपव. मला भीतीच वाटली. सवयीनं एक घोट घेतला आणि बाजूला ठेवलं. त्या हसायला लागल्या. मग सगळं प्यायले. मग रडले.

गिरजाबाई : रडायचंच त्ये. मी सपनात पिती. तांब्याच्या तांब्या. आन् उठल्याव तोंड कोरडं. बरं झालं बाई तुजं. मला लई बरं वाटलं.

रश्मी : रागावलात ना माझ्यावर?

गिरजाबाई : कशापायी?

रश्मी : इतके दिवस फोन नाही केला.

गिरजाबाई : आजारी व्हतीस.

रश्मी : तेवढी नव्हते. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. लाज वाटायची. तुम्ही तिथेच आहात, त्याच खाटेवर, आणि मी सुटले. तुम्हाला काय म्हणून विचारू, कशा आहात?

गिरजाबाई : याडी हायस. माजा नंबरच लावला न्हवता कुनी. माजं काळीज कच्चं, डॉक्टरनं आधीच हात जोडलं. तुज्यामुळं माजं काय गेलं? फकस्त गोष्ट आर्धी राह्यली.

रश्मी : म्हणूनच केला फोन.

गिरजाबाई : तिकडं कोन कोन हाय तुज्याजवळ?

रश्मी : कुणी नाही. वरच्या खोलीत एकटीच असते. जंतू लागतील म्हणून कुणी आत यायचं नाही. वहिनी दारात ताट ठेवते आणि कडी वाजवते. मी दार उघडेपर्यंत ती खाली गेलेली असते. धम्मरत्न खिडकीखालनं हाक मारतो कामावर जाताना. दिवसभर आवाज म्हणजे रेल्वेचा.

गिरजाबाई : म्हंजी तुला बी जिनाच हाय.

रश्मी : हो. मला बी जिनाच आहे.

गिरजाबाई : वाचती का मग? सहावा माज्याकडंच हाय. पिशवीत घालून आनते दर खेपंला. उगंच.

रश्मी : धम्मरत्ननं मला दुसरी प्रत आणून दिलीय. सिद्धेशला सांगा, कानात लावून देईल वायर. शेजारच्यांना त्रास नको.

गिरजाबाई : शेजारचा आयकतोय. आपून बोलाया लागल्यापासनं चादर खाली घेतलीय त्येनं.

०

रश्मी : मावशी, आलं का ऐकू?

गिरजाबाई : न्हाई आलं. मधीच गेलं बग.

रश्मी : कुठपर्यंत आलं?

गिरजाबाई : ती तुळशीला पानी घालती तिथवर.

रश्मी : ते केव्हाच झालं. त्याच्यापुढे आपण दोन प्रकरणं वाचलीत. सगुणानं घराच्या वाटण्या केल्या, नात घाटावर राहायला आली.

गिरजाबाई : मला न्हाई आयकू आलं.

रश्मी : तुम्ही तर वाटण्यांवरनं माझ्याशी भांडलात. म्हणालात, चूल दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

गिरजाबाई : ...तुळशीपासनं वाच.

रश्मी : मावशी.

गिरजाबाई : काय?

रश्मी : नेट जात नाहीये ना?

गिरजाबाई : जातंय. हितं भिंती जाड हायती.

रश्मी : मी सिद्धेशला विचारलं काल. तो म्हणाला, एकदम फुल असतं.

गिरजाबाई : सिद्धेशला काय कळतंय.

रश्मी : सातवा भाग लहान आहे, मावशी. सगळ्यात लहान. मला वाटलं होतं आठवड्यात होईल. महिना झाला आपण त्या तुळशीपाशीच आहोत.

गिरजाबाई : तुळस चांगली लिवलीय.

रश्मी : सोमवारपासनं ऑफिस आहे माझं. तळवड्याला. डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही. म्हणजे दुपारभर असं नाही वाचता येणार मग.

गिरजाबाई : व्हय, कामाव तर जायाचंच. इतकं मोटं आपरेशन काय घरात बसाया केलं? त्ये बरंच हाय.

रश्मी : जेवणाच्या सुट्टीत करेन. थोडं थोडं.

गिरजाबाई : थोडंच कर. मला काय घाई न्हाई.

०

रश्मी : शेवटचं प्रकरण आहे, मावशी. वाचू?

गिरजाबाई : कुठनं बोलतीस? वारं लागतंय तुज्या फोनला.

रश्मी : ऑफिसच्या मागच्या बाजूला आलेय, पार्किंगला. आत सगळे डबे खातात, तिथे मला मास्क काढता येत नाही. वाचू का?

गिरजाबाई : आपल्याला आता न वाचून काय करायचंय. वाच.

रश्मी : "म्हातारा बाकावर टेकला. नातीनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, आजी बाजाराला गेलीय, तिन्हीसांजेला येईल. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतून सावकाश संपवला. दुकानाच्या आढ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. नातीनं विचारलं, कोण आलं होतं म्हणून सांगू? तो म्हणाला, गाडीवाला. मग त्यानं पागोटं सारखं केलं आणि घाट उतरू लागला. सगुणा परत आली तेव्हा नात भांडी घासत होती. तिनं काही सांगितलं नाही. सगुणानं काही विचारलं नाही. तिनं पदर खोचला आणि उद्यासाठी दुधाला विरजण लावलं." ...संपलं.

गिरजाबाई : दत्तूच व्हता ना त्यो?

रश्मी : दत्तूच. लेखकानं नाव नाही घेतलं, पण तोच.

गिरजाबाई : हं.

रश्मी : मी पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. पाच भाग वाट बघायला लावली आणि गाठ घालून दिली नाही. ग्रुपवर तर अजून भांडतात. अर्धे म्हणतात, सातवा लिहायलाच नको होता, सहाव्यावर थांबायचं. एकानं तर स्वतःच दुसरा शेवट लिहून टाकलाय. त्यात सगुणा लवकर येते बाजारातनं, दोघं एकमेकांना ओळखतात, गळ्यात पडतात. खूप जणांना आवडला तो. वाचून दाखवू?

गिरजाबाई : नगं.

रश्मी : तुम्हाला राग नाही आला?

गिरजाबाई : आला की. मगाशी तू वाचत व्हतीस तवा मनात म्हनत व्हते, आगं, ये की लवकर, बाजारात काय सोनं इकाया ठेवलंय का? पर मग वाटलं, न्हाई आली त्येच बरं.

रश्मी : का?

गिरजाबाई : समज, नातीनं सांगितलं आसतं. म्हंजी तिला कळलं आसतं, पोरगा आल्ता. मग ह्ये बी कळलं आसतं की तिन्हीसांजेपत्तुर थांबला न्हाई. इतकी वरसं वाट बघितलेल्या बाईला त्ये कळून काय करायचंय? त्येच्यापेक्षा इरजन लावलेलं बरं.

रश्मी : ...हे लिहू ग्रुपवर? तुमच्या नावानं?

गिरजाबाई : नगं. त्येंना त्येंचं म्हनू दे. आठवा भाग न्हाई ना?

रश्मी : नाही. लेखक सातवा लिहून वारले.

गिरजाबाई : मग झालं म्हनायचं.

रश्मी : दुसरी एक मालिका आहे, पाच भागांची. कोकणातली. मला तेवढी आवडत नाही, पण तुम्हाला आवडेल कदाचित.

गिरजाबाई : माज्यासाठी नावडतीचं वाचू नगंस. काम हाय तुला, औषदं हायती. आता फोन करायचं तुला काय कारन न्हाई राह्यलं.

रश्मी : कारण कशाला लागतं, मावशी?

गिरजाबाई : लागतं बाई. बिगरकारनाचं कोन कुनाला फोन करतंय? माजी धाकली सून जिन्यात थांबली तर आधी कारन सांगती, मग बोलती.

रश्मी : तुमच्या मशीनला अजून किती वेळ आहे?

गिरजाबाई : हाय अजून लई. आत्ताच तर जोडलंय.

रश्मी : माझी पण सुट्टी आहे अजून. बोला.

गिरजाबाई : काय बोलू?

रश्मी : काहीही.

गिरजाबाई : ...तिकडं भाईर ऊन पडलंय का गं?

रश्मी : पडलंय.

गिरजाबाई : हितं खिडकीच न्हाई. कसं पडलंय, सांग बरं.